रुजवात न घेतलेली वही

मला ते आधी माहीत होतं.

एवढी एक ओळ मी सात वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आमच्या गाण्याच्या मंडळीत कुणाला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच. परवा तिच्यासमोर बसलो होतो. तिनं सरळ विचारलं. तरी तोंडातून दुसरंच निघालं. म्हणून लिहायला बसलोय. तेही एका बैठकीत होत नाहीये. दोन ओळी झाल्या की उठतो, दाराशी जातो, परत येतो.

मी अमरावतीला सरकारी कार्यालयात नकला करतो. जुने फेरफार, निकाल, हद्दीचे कागद. आता पुष्कळसं काम संगणकावर गेलंय, पण कसर लागलेले, कोपरे झडलेले कागद अजून हातानंच उतरवावे लागतात. अशा नकलेखाली 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असा शिक्का असतो आणि दोन सह्या असतात. एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची. रुजवात म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द पडताळायचा. ज्यानं नक्कल केली त्यानंच एकट्यानं पडताळलं तर ते चालत नाही. एकाखाली एक सारख्या ओळी आल्या की डोळा घसरतो, आणि जिथं एकदा घसरला तिथंच तो दुसऱ्यांदाही घसरतो. नोकरीला लागलो त्या आठवड्यातच मला हे शिकवलं होतं.

गाण्यात मी बाईंमुळे आलो. बाई मिशनच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत. वडिलांच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवायचो, ती त्यांनी खिडकीतून ऐकली असणार. एक दिवस मला हाक मारली आणि एक लोखंडी पेटी उघडून दाखवली. त्यांना लहानपणी शिकवणाऱ्या एका परदेशी सिस्टरनं मागे ठेवलेली छापील गाणी त्यात होती. इटली, स्पेन इकडची, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची, चर्चमध्ये म्हणायची लॅटिन गाणी. वाद्य नाही, तबला नाही, नुसते गळे. पाच-सहा आवाज, प्रत्येकाची चाल वेगळी. एक जण सुरू करतो, थोड्या वेळानं दुसरा त्याच वळणानं मागून येतो, मग तिसरा.

"तुमच्या भजनात सगळे एकच ओळ धरतात," बाई म्हणाल्या, "इथं प्रत्येकाची ओळ वेगळी. आणि तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. जमलं तर."

जमायला आम्हाला दोन वर्षं लागली. आम्ही सहा जण होतो. दोघी बहिणी, एक प्राध्यापिका, एक वकील, जिल्हा परिषदेतला एक ड्रायव्हर आणि मी. चर्चमागच्या खोलीत रविवारी सकाळी जमायचो. शेजारचे विचारायचे, "कोणते मंतर म्हणून राहिले बाप्पा तुमी?" वकील सांगायचा, "पावसाचे." आणि एकदा खरंच दुसऱ्या दिवशी पाऊस आला, तेव्हापासून लोक जरा आदरानं बघू लागले.

बाईंचा एक हट्ट होता. त्या जुन्या काळी गाणाऱ्यांसमोर सगळे आवाज एकत्र लिहिलेला कागद नसायचा. प्रत्येकाची वही वेगळी आणि त्यात फक्त त्याचाच भाग. आपणही तसंच करायचं. "दुसऱ्याच्या वहीत डोकावलं की कान झोपतात," त्या म्हणायच्या. आम्हा कुणालाच ती परदेशी स्वरलिपी वाचता येत नव्हती. मग बाई छापील बघून सांगायच्या आणि मी सरगमीत उतरवायचो. गणिताची चौकटींची वही, एका चौकटीत एक मात्रा, एका ओळीत चार मात्रा, खाली देवनागरीत लॅटिन शब्द. जिथं गप्प राहायचं तिथं शून्य. चार मात्रा गप्प, तर चार शून्यं. हळूहळू बाईंच्या शेजारी बसून मलाही ते छापील वाचता येऊ लागलं आणि मी एकटाच वह्या करू लागलो.

सुरुवातीला बाई प्रत्येक वहीची रुजवात घ्यायच्या. मी गमतीनं शेवटच्या पानावर 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' लिहून सही करायचो, शेजारी त्यांची सही घ्यायचो. मग त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेला, बारीक छपाई दिसेनाशी झाली. एकदा वही पुढे केली तर म्हणाल्या, "तुझ्या नकलेला आता रुजवात कशाला?" मला ते फार आवडलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. तेव्हापासून वह्यांवर माझी एकट्याचीच सही.

वकील मला नक्कलसाहेब म्हणायचा. "नक्कलसाहेब, कधी चूक निघाली तं?"

"वही खाऊन टाकीन."

"चटणीसंगं का सुकीच?"

हे आमचं दर रविवारचं होतं.

ती सातवी आली. सरकारी दवाखान्यात नर्स होती, नांदगाव खंडेश्वरहून रोज एसटीनं यायची. बाई कंबर मोडून दवाखान्यात पडल्या होत्या, तेव्हा सलाईनचे थेंब मोजताना ती गुणगुणत होती ते बाईंनी ऐकलं. आवाज साधा, सरळ, एका जागी ठेवला की तिथंच राहणारा. बाईंना असाच हवा असायचा. कंप त्यांना खपायचा नाही. बऱ्या झाल्यावर त्यांनी तिला खोलीवर बोलावलं.

"बाई, मले हे लॅटिन-बिटिन नाई जमनार."

"विहारात वंदना म्हणतेस ना? पालीत?"

"हाव. लहानपणापासून."

"मग ज्या जिभेला पाली जमलं तिला लॅटिन जमतं. बस."

ती बसली. आणि तीन वर्षांत आमच्यापैकी सगळ्यांच्या पुढे गेली. तिची मोजायची एक पद्धत होती. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायची. चार बोटं, तीन तीन पेरं, एका हाताची बारा. गप्प राहायच्या मात्रा मोजताना तिचा हात पदराआड असायचा आणि चेहऱ्यावर काहीच नसायचं, आणि मग नेमकी आपल्या जागी ती यायची. आम्ही बाकीचे बाईंच्या भुवयांकडे बघून अंदाजानं यायचो. ती कुणाकडे बघत नसे.

खरं सांगायचं तर मला ते खुपायचं. अकरा वर्षं बाईंची पेटी मी सांभाळली होती. त्यांना औषधं आणून देणारा, चष्म्याच्या दुकानात नेणारा मी. आणि बाई आता दर दोन वाक्यांनी तिचं नाव घ्यायच्या. मी तिच्याशी कधी वाईट वागलो नाही. ती मला दादा म्हणायची. पण आत कुठेतरी टोचत राहायचं आणि मी ते दाबून हसत राहायचो.

त्या वर्षी मार्चमध्ये, ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या दिवसांत, अकोल्याच्या एका चर्चनं आम्हाला बोलावलं. बाहेरगावी पहिल्यांदाच. सहा आवाजांचं एक लांब गाणं बाईंनी निवडलं होतं, अर्थ इतकाच की दया कर, दया कर. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी प्राध्यापिकेचा घसा पार बसला. तिसरा आवाज तिचा होता. तिची जागा कोण घेणार? तिसरा आवाज माझ्या गळ्याच्या पट्टीत बसण्यासारखा होता आणि मला तो मनापासून हवा होता. सगळ्या गाण्याचा तो कणाच होता. मी तसं सुचवलं.

बाई म्हणाल्या, "तुझं मोजणं बरं आहे. तिचं पक्कं आहे. ती घेईल. तू चौथ्यातच राहा. आणि तिला नवी वही करून दे."

प्राध्यापिकेची वही खाणाखुणांनी इतकी भरली होती की तिलाच फक्त वाचता आली असती. मी दुसऱ्या दिवशी कचेरीतच जेवणाच्या सुट्टीत छापील समोर ठेवून नवी वही केली. वर एक फाईल उघडून ठेवली होती, साहेब आले तर. मनात बाईंचं ते 'बरं' आणि 'पक्कं' चालू होतं. गाण्याचा दुसरा भाग एकटा पहिला आवाज सुरू करतो, मग दुसरा येतो आणि तिसऱ्यानं सोळा मात्रा गप्प राहून मग यायचं. सोळा मात्रा म्हणजे शून्यांच्या चार ओळी. मी तीनच लिहिल्या. शून्यांच्या ओळी एकाखाली एक, डोळा घसरला. खाली सही केली.

संध्याकाळी एकच तालीम झाली. पहिला भाग तीनदा झाला. दुसरा भाग बाईंनी सोडून दिला. त्या थकल्या होत्या. "तुम्हाला येतोच, आणि हिला मोजता येतं," म्हणाल्या.

इथपर्यंत जे झालं ती चूक. चूक कुणाकडूनही होते. मी जे लपवून ठेवलंय ते याच्यापुढे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरली. ती खिडकीशी बसली होती, वही मांडीवर, अंगठा पेरांवर फिरत होता. मूर्तिजापूरला गाडी जरा जास्त थांबली. "दादा, धरा जरा, चहा आणते सगळ्यायसाठी," म्हणून तिनं वही माझ्या हातात दिली आणि खाली उतरली. बाईंचं छापील माझ्याच पिशवीत होतं. उगाच, वेळ जावा म्हणून, मी ते काढलं आणि शेजारी ठेवून बघू लागलो. दुसऱ्या भागाशी आलो. शून्यांच्या ओळी मोजल्या. एक, दोन, तीन. छापील बघितलं. परत मोजल्या.

तीनच होत्या.

खिशात पेन होतं. एक ओळ वर घालायची, चार शून्यं. अर्धं मिनिट. मी टोपणही काढलं होतं.

तेवढ्यात ती चहाचे कप घेऊन आली. "पाहून राहिले का पुन्हा? दादाचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं हाय," ती दोघी बहिणींना म्हणाली.

समोरच्या बाकावरून वकील ओरडला, "निघाली का चूक, नक्कलसाहेब? चटणी आणली बरं मी!"

सगळे हसले. बाईही हसल्या. मी पेनाला टोपण लावलं, हसलो आणि वही तिच्या हातात दिली.

त्यानंतर मनाशी ठरवलं, अकोल्याला उतरल्यावर तिला बाजूला घेऊन सांगू. उतरल्यावर रिक्षा बघायच्या होत्या. चर्चमध्ये पोचल्यावर आयोजकांनी नाश्त्याला बसवलं. मग ती आणि दोघी बहिणी पडद्यामागे साड्या बदलायला गेल्या. मग भाषणं. दर वेळी वाटायचं, आत्ता, आणि दर वेळी कुणीतरी मध्ये यायचं, आणि मला त्याचं बरंच वाटायचं. आत एक कोपरा असाही होता, तो आज लपवत नाही: चुकू दे एकदा तिचंही. बाईंना कळू दे की पक्कं कुणाचंच नसतं. हे शब्द तेव्हा मनात असे स्पष्ट आले नव्हते. पण पेनाला टोपण लावणारा हात माझाच होता.

बाईंनी पंखे बंद करायला लावले होते. पंख्याच्या घरघरीत आवाज हरवतात. अकोल्याचा मार्च. लोक हातातल्या कागदांनी वारा घेत बसले होते. पहिला भाग इतका चांगला झाला की शेवटचा सूर थांबल्यावर हलणारे कागदही थांबले. मग दुसरा भाग. पहिला आवाज एकटा निघाला. दुसरा आला. माझ्या शेजारी तिचा अंगठा पेरांवर फिरत होता, मी तो बघत होतो. करंगळीच्या शेवटच्या पेरावर आला. बारा.

आणि ती आली. न घाबरता, न चाचपडता, आपल्या त्या सरळ आवाजात, पूर्ण. चार मात्रा आधी. दुसरा आवाज अडखळला, पहिला थांबला, ड्रायव्हर आपली जागा शोधत राहिला. सगळं एकमेकांत कोसळलं. बाईंनी हात वर करून थांबवलं.

"पुन्हा."

मी तिच्याकडे झुकून 'सोळा' एवढं कुजबुजू शकलो असतो. एक शब्द. माझी मान वळलीही नाही. आम्ही पुन्हा सुरू केलं आणि ती पुन्हा बरोब्बर त्याच जागी आली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग बाईंनी तिच्याकडे बघून तळहात खाली दाबल्यासारखा केला. तू राहू दे. बाकीचं गाणं आम्ही पाच आवाजांत ओढत नेलं. ती वही उघडी धरून शेवटपर्यंत उभी होती. तोंड मिटलेलं होतं. अंगठा मात्र फिरत होता.

नंतर अंगणात मोठ्यानं बोलणं चाललं होतं. "मोजता येत नाही तं उभं कशाले करता?" हे कोण म्हणालं ते माहीत नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या जवळून. कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. दोन दिवसांत ते अमरावतीच्या ग्रुपांवर फिरत होतं. तिच्या चुकीच्या जागी येण्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

त्याआधी, अंगणातच, ती माझ्याकडे आली होती. "दादा, म्या बाराच मोजले. दोन्ही खेपा बारा. माह्यं काय चुकलं?"

मी म्हणालो, "होतं असं. लोक समोर असले की होतं."

ही ओळ मी कितीदा परत ऐकली असेल. भाजी निवडताना, कचेरीत शिक्का मारताना, एसटीत. बायको म्हणते, "पुन्हा बोटं मोजून राहिले तुमी." मला कळत नाही, अंगठा आपोआप फिरतो.

वही तिनं चर्चच्या बाकावर ठेवून दिली होती. मी उचलून पिशवीत घातली. दुसऱ्या रविवारी ती आली नाही. तिसऱ्या रविवारी ग्रुपमधून तिचं नाव गेलं. पावसाळ्याआधी तिनं बदली मागून घेतली, पातूरला.  मग प्राध्यापिका धरून आम्ही सहा जण साधी, चार आवाजांची गाणी करू लागलो. ते सहा आवाजांचं गाणं पेटीच्या तळाशी गेलं.

शेवटच्या आजारात बाईंना काहीच दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. एकदा दुपारी मी त्यांना पेपर वाचून दाखवत होतो, मध्येच म्हणाल्या, "ती मुलगी दोन्ही वेळा एकाच जागी आली होती. घाबरलेला माणूस एकाच जागी दोनदा चुकेल कसा?"

मी वाचत राहिलो.

"तिची वही कुठंय रे?"

"सापडत नाही, बाई."

वही माझ्या कपाटात होती, वरच्या फळीवर, बायकोच्या लग्नातल्या शालूखाली. बाईंनी मान फिरवली. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मला आता कधीच समजणार नाही. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. पेटी त्यांनी माझ्या नावानं ठेवली होती.

बाईंच्या आठवणीत तेच गाणं, त्याच अकोल्याच्या चर्चमध्ये पुन्हा म्हणायचं असं सगळ्यांनी ठरवलं. पण प्राध्यापिका आता पुण्याला मुलीकडे असते. तिसरा आवाज कोण? थोरल्या बहिणीनं हळूच तिचं नाव काढलं. वकील म्हणाला, "नको बाप्पा. मानूस म्हनून सोनं, पन मोजनीत कच्ची. बाईच्या नावानं तमाशा नको." बाकीचे मान हलवत होते. मीही खाली बघत होतो. मग कसं कोण जाणे, म्हणालो, "मी विचारून येतो तिला."

"तुमी? कशाले?"

मी पिशवी उचलून निघालो.

दोनदा बसस्टँडवर जाऊन परत आलो. एकदा तर अकोल्यापर्यंत पोचलो, पातूरची गाडी समोर लागली होती, आणि रसवंतीत बसून रस पिऊन अमरावतीला परतलो. चौथ्या खेपेला, परवा, पातूरला उतरलो. ती दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहते. सकाळची ड्यूटी संपवून नुकतीच आली होती. केस थोडे पिकलेत. दारात मला बघून क्षणभर थांबली, मग म्हणाली, "जय भीम, दादा. या न. बाई गेल्याचं समजलं मले. येनं नाई झालं."

चहा झाला. पातूरचं ऊन, बदल्या, माझ्या रक्तदाबाची चौकशी. मला सुरुवात सापडेना. शेवटी पिशवीतून छापील काढलं आणि ती वही काढली. वही बघून तिचा चेहरा बदलला.

"हे कायले आनलं?"

"रुजवात घ्यायची राहिली होती. मी मूळ वाचतो, तू वहीवर बोट ठेव. फक्त दुसरा भाग."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग चष्मा लावला, टेबलावरचं लाल पेन घेतलं आणि वही पुढ्यात ओढली. मी वाचू लागलो. "शून्य, शून्य, शून्य, शून्य." तिनं पहिल्या ओळीवर खूण केली. "शून्य, शून्य, शून्य, शून्य." दुसरी. "शून्य, शून्य, शून्य, शून्य." तिसरी. मी थांबलो नाही. "शून्य, शून्य..."

"थांबा," ती म्हणाली.

लाल पेन वहीवर टेकलेलं होतं. तिथं शून्य नव्हतं, स्वर होता.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं, पहिल्यापासून. चार ओळी. तिनं पेन खाली ठेवलं आणि डाव्या हाताची पेरं मोजली, बारा. मग पुढं चार. बराच वेळ ती आपल्या हाताकडे बघत होती.

"म्हंजे मी बरोबर होती."

"हो."

"मले वाटे, माह्या कानाले वेगळं लागून राहिलं, म्हंजे कानच चुकत असन. वही कशी चुकन? वहीवर तुमची सही." ती उठून खिडकीशी गेली. "तुमाले माहीत हाय का दादा, त्या दिवसापासून मी एक गोष्ट एकदा नाई मोजत. गोळ्या दोनदा. थेंब दोनदा, घड्याळ लावून. इथल्या पोरी हसतात, म्हनतात, सिस्टर, तुमचा भरवसा तुमच्यावरच नाई. आन् मी त्यायले सांगत होती, नाईच हाय बाई, मले मोजता येत नाई."

 तिच्या आवाजात रडणं नव्हतं. तो आवाज तसाच होता, जिथं ठेवला तिथं राहणारा. सात वर्षं तो गाताना कुणी ऐकला नव्हता.

मग ती वळली. "माह्यं सोडा. मले आता समजलं. तुमी त्यायले सांगा. तिथंच, त्याच चर्चात, गानं सुरू व्हाच्या आधी, उभं राहून. मंग येते मी. नवी वही करा, रुजवात मी घेईन."

"सांगतो."

"आन् दादा, तुमाले हे समजलं कधी?"

इथं मी थांबायला हवं होतं. मूर्तिजापूरचा फलाट, चहाचे कप, पेनाचं टोपण, सगळं तोंडाशी आलं होतं.

"नंतर," मी म्हणालो. "पुष्कळ नंतर. वही आवरताना."

तिनं मान हलवली. माझ्यासाठी बसची वेळ बघितली, कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. "चूक हाय, होते कोनाकडूनही," म्हणाली. तिनं मला माफ केलं, पण फक्त चुकीसाठी; माहीत असून गप्प बसलो हे तिला ठाऊकच नव्हतं. बस निघाली तरी ती रस्त्यावर उभी होती, आणि हात वर करताना मला दिसलं, तिचा अंगठा पेरांवर नव्हता.

नवी वही तयार आहे. शून्यांच्या चार ओळी. खाली माझी सही, शेजारी तिच्या सहीची जागा मोकळी. वकिलाला फोन करून सांगितलं की वहीत माझी चूक होती. तो म्हणाला, "सात वर्षं?" मी फोन ठेवला. अकोल्याचा रविवार पंधरा दिवसांवर आला आहे. तिथं चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून काय बोलायचं ते मी कागदावर लिहिलं आहे आणि खोडलं आहे, पुन्हा लिहिलं आहे. ते मी बोलेन असं वाटतं. चूक कबूल करणं मला आता जमू लागलंय.

पण त्याच्या आधी पातूरला पुन्हा जायचं आहे. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी खोटं दिलं. मला ते तिच्या गाण्याच्या आधी माहीत होतं, पेन हातात होतं, आणि मी गप्प बसलो, हे तिच्या तोंडावर सांगणं माझ्याकडे बाकी आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.